आयर्लंडमधलं मूळ गाव कसं शोधावं?

प्रश्न : आमच्या सूनबाई बोस्टनच्या. त्यांचे खापरपणजोबा १८५०च्या सुमारास आयर्लंडहून तिथे आले. त्यांचं गाव कसं सापडेल?
– एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : आधी अमेरिकेतलीच कागदपत्रं धुंडाळा : चर्चमधली लग्ननोंद, मृत्यूची बातमी, थडग्यावरचा मजकूर. जनगणनेत बहुधा नुसतं ‘आयर्लंड’ असतं, आणि तेवढ्यावर एकाच नावाची ढीगभर माणसं निघतात. पॅरिश, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला भाग, हवाच; टाउनलँड, म्हणजे आपल्या वाडीसारखी वस्ती, मिळाली तर फारच उत्तम. आयर्लंडची १८५१पर्यंतची बहुतेक जनगणना १९२२ साली डब्लिनच्या सरकारी दफ्तरखान्याच्या आगीत गेली. सरसकट जन्मनोंदणी १८६४पासूनची. कुटुंब कॅथलिक असेल तर बाप्तिस्म्याच्या नोंदी पाहा. आयर्लंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने त्या ऑनलाइन मोफत ठेवल्यात. नावं बरेचदा लॅटिनमध्ये : जेम्सचा ‘याकोबुस’. बाप्तिस्म्याच्या साक्षीदारांची नावंही जरूर उतरवून घ्या, अनेकदा ते नात्यातलेच असतात.