"काही नाही झालं" म्हणणारी पोरं

अगं,

फुटबॉल टीमची असिस्टंट कोच झालीस, मनापासून आनंद झाला. ड्रिल्स कशी घेऊ, वॉर्मअप किती वेळ ठेवू असं विचारलंयस, पण ते तुला तिथे सीनियर कोच शिकवतीलच. मला वेगळंच सांगायचंय. तुझ्या हाताखाली बारा-चौदा वर्षांची पोरं येणार आणि त्यांना टीममधली जागा इतकी प्यारी असते की ती टिकवायला तुझ्याशी बिनधास्त खोटं बोलतील, दुखत असलं तरी दुखत नाही म्हणतील. त्यांचा दोष नाही त्यात. खरं बोलणारा बेंचवर बसतो आणि मग तिथेच राहतो हे त्यांनी बघितलेलं असतं. म्हणून एक कायम लक्षात ठेव, "खेळते" म्हणाली तर तपासायचं, "नाही जमत" म्हणाली तर लगेच मानायचं. बहुतेक ठिकाणी याच्या बरोब्बर उलटं चालतं.

डोक्याला लागतं तेव्हाचंच घे. दोघी हेडरला, म्हणजे डोक्याने बॉल मारायला उडाल्या, डोकी आपटली, एक उठून म्हणते काही नाही झालं ताई, खेळते मी. तेव्हा तिला "बरी आहेस ना?" असं विचारूच नकोस, त्याचं उत्तर ठरलेलं असतं. त्यापेक्षा बघ, चालताना तोल जातोय का, नजर हरवल्यासारखी आहे का, एकच गोष्ट परत परत विचारतेय का, आत्ता आपण कुठल्या हाफमध्ये आहोत आणि शेवटचा गोल कोणी मारला हे तिला सांगता येतंय का. यातलं एक जरी खटकलं तरी बाहेर, आणि त्या दिवशी परत आत नाही, मग फायनल का असेना. कन्कशनमध्ये, म्हणजे डोक्याला मार बसून मेंदूला हादरा बसतो त्यात, शुद्ध जायलाच हवी असं काही नसतं, बहुतेक वेळा जातच नाही, म्हणून तर ते नजरेतून सुटतं. उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, गुंगी, फिट, मान दुखणं यातलं काहीही दिसलं तर सरळ हॉस्पिटल. नंतरचे 24 ते 48 तास आराम, म्हणजे अंथरुणात पडून राहायचं असं नाही, घरात हिंडावं फिरावं पण स्क्रीन कमी, आणि मग एकेक पायरी वाढवत जायचं. डॉक्टर हो म्हणेपर्यंत हेडर आणि टॅकल बंद. आईबाबा म्हणतील ती तर चांगली दिसतेय की, तिथे तू ढिली पडू नकोस.

आता दुसरी बाजू, "नाही जमत" म्हणणारीची. अमेरिकेची जिम्नॅस्ट सिमोन बाइल्सचं आठव, 2021 साली टोकियो ऑलिम्पिकमध्ये टीम फायनलमधून ती बाहेर पडली कारण हवेत गिरक्या घेताना आपलं शरीर नेमकं कुठे आहे हेच तिला कळेनासं झालं होतं. त्या अवस्थेत उडी मारली तर मान मोडू शकते. तरी लोकांनी तिला पळपुटी म्हटलं. 2024 ला पॅरिसमध्ये तिनेच तीन गोल्ड घेतली. जगातल्या सगळ्यात मोठ्या जिम्नॅस्टला नाही म्हटल्यावर एवढं ऐकावं लागतं तर तुझ्या ग्राउंडवरच्या पोरीला ते म्हणायला किती धीर लागत असेल विचार कर.

आणि न ऐकण्याची किंमत काय असते तेही तिच्याच खेळात दिसलं. अमेरिकेच्या जिम्नॅस्टिक्स टीमचा डॉक्टर लॅरी नासर उपचाराच्या नावाखाली मुलींवर अत्याचार करत होता, 2018 च्या जानेवारीत दीडशेहून जास्त जणी कोर्टात बोलल्या, त्यातल्या काहींनी कितीतरी वर्षं आधी मोठ्या माणसांना सांगितलेलं होतं. ती माणसं गप्प बसली. म्हणून टेपिंग असो, मसाज असो, सगळं उघड्यावर आणि दुसरं मोठं माणूस समोर असताना. मुलांना पर्सनल मेसेज करायचा नाही, पालक असलेल्या ग्रुपवर टाक. एखाद्या मुलीने काही सांगितलंच तर शांतपणे ऐक, कोणाला सांगणार नाही असं वचन देऊ नकोस, उलटतपासणी घेऊ नकोस, तिचे शब्द जसेच्या तसे लिहून काढ आणि त्याच दिवशी मुलांच्या सुरक्षेची जबाबदारी ज्यांच्याकडे आहे त्यांना कळव. तक्रार त्यांच्याबद्दलच असेल तर त्यांच्या वरच्यांना.

वजनावर कमेंट नको, कौतुकाची सुद्धा नको. "बारीक झालीस, मस्त" एवढं ऐकून पोरी जेवण तोडतात. ट्रेनिंग भरपूर आणि खाणं अपुरं असं चालू राहिलं की पाळी थांबते, हाडं ठिसूळ होतात, स्ट्रेस फ्रॅक्चर होतात, म्हणजे सततच्या ताणाने हाडाला बारीक तडे जातात. पाळी तीन महिने आली नाही तर एवढ्या प्रॅक्टिसमध्ये होतंच असं म्हणून सोडून देऊ नकोस, डॉक्टरांकडे पाठव. मुलांनाही अपुऱ्या खाण्याचा त्रास होतो, फक्त त्यांच्यात पाळीसारखी खूण नसते म्हणून उशिरा कळतं.

किटचं पण बघ. विम्बल्डनने 2023 पासून मुलींना स्कर्टखाली गडद रंगाची शॉर्ट्स घालायला परवानगी दिली, तिथे सगळे कपडे पांढरेच लागतात आणि पाळीत त्याची धास्ती असायची म्हणून. फुटबॉलमध्ये हिजाब वगैरेने डोकं झाकून खेळायला 2014 ला रीतसर परवानगी मिळाली. एका कापडापायी किती जणी घरी बसल्या असतील. ऐकू न येणारा मुलगा टीममध्ये असेल तर शिट्टीबरोबर हातही वर कर, बोलताना तोंड त्याच्याकडे ठेव, आणि बाकी काय लागतं ते त्यालाच विचार, आपणच ठरवून मोकळं व्हायचं नाही.

एईडी, म्हणजे बंद पडलेलं हृदय शॉक देऊन चालू करायचं मशीन (डिफिब्रिलेटर), कुठे ठेवलंय ते पहिल्याच दिवशी बघून ये, कपाट कुलपात असेल तर किल्ली कोणाकडे असते तेही. 2021 च्या युरो फुटबॉल स्पर्धेत डेन्मार्कचा खेळाडू एरिक्सन हृदय बंद पडून मैदानात कोसळला तेव्हा सीपीआर (छाती दाबून हृदय चालू ठेवणं) आणि डिफिब्रिलेटर तिथल्या तिथे मिळालं म्हणून तो वाचला.

आता तुझी खरी अडचण मला माहितीय, तू तिथे सगळ्यात ज्युनियर. तू पोरीला बाहेर काढलंस आणि सीनियर कोच म्हणाले जा गं आत, तर काय करायचं? हे मॅच चालू असताना सुटत नाही, तेव्हा सगळ्यांचंच डोकं तापलेलं असतं. म्हणून सीझन सुरू व्हायच्या आधी, सगळे निवांत असताना विचारून घे, डोक्याला लागलं तर जो पहिला बघेल त्याने काढायचं आणि ते कोणी फिरवायचं नाही, चालेल ना? हो म्हणाले तर पालकांच्या मीटिंगमध्ये त्यांच्याच तोंडून सांगायला लाव. नाही म्हणाले तर मला लगेच फोन कर, मी बोलते त्यांच्याशी.