अभ्यासाला पावसाचा आवाज लावू का?

प्रश्न : ताई, मी इंदिरानगरला राहतो, एमपीएससीची तयारी चालूय. शेजारी टीव्हीवर सिरियल, खाली हॉर्न, आणि गणपती जवळ आले की संध्याकाळी मैदानात ढोल पथकाची प्रॅक्टिस. मित्र म्हणतो पावसाचा आवाज लाव, दुसरा म्हणतो ब्राउन नॉइज. आई म्हणते कानात बोळे घालून कसला अभ्यास! नक्की काय लावू? आणि झोपताना चालू ठेवलं तर चालतं का?

उत्तर : अरे, आधी एक सांगते, कुठल्याच आवाजाने डोकं तल्लख होत नाही. मोझार्ट या जुन्या युरोपियन संगीतकाराचं संगीत ऐकून बुद्धी वाढते हे १९९३ सालच्या एका छोट्या प्रयोगावरून पसरलं, त्यातही फायदा दहा-पंधरा मिनिटंच टिकला होता, पण त्यावर सीड्या मात्र भरपूर खपल्या. आवाज लावायचा तो दुसरा आवाज झाकायला, बस.

तुला सगळ्यात जास्त त्रास त्या सिरियलचा होत असणार, कारण शब्द कानावर पडले की डोकं आपोआप त्यांच्या मागे जातं, आपण वाचतोय ते पॉलिटी असो नाहीतर भूगोल. म्हणूनच गाणी लावून वाचू नकोस, निदान मराठी-हिंदी तरी नको. गणितं सोडवताना एकवेळ चालतील.

व्हाइट नॉइज म्हणजे जुन्या टीव्हीला सिग्नल गेल्यावर यायचा तो खरखराट, वरच्या पट्टीतले बारीक आवाजही त्यात तेवढ्याच जोरात असतात म्हणून बऱ्याच जणांना टोचतो. पिंकमध्ये ते कमी होतात, ब्राउनमध्ये आणखी कमी, मग तो घुमल्यासारखा येतो. पावसाळ्यात सोमेश्वरच्या धबधब्याजवळ उभं राहिलं की शेजारचा काय बोलतोय ते कळत नाही ना, तसंच काम आहे हे. खरं तर तीनवरचा पंखासुद्धा पुरतो आणि त्याला मधेच जाहिरात येत नाही, रेकॉर्डिंग लावायचंच असेल तर डाउनलोड करून ठेव.

ढोल मात्र झाकला जाणार नाही. जाड आवाज भिंतीतून येतो, वर ठोका पडला की दचकायला होतंच, आणि त्याच्यावर मात करायला हेडफोन फुल केलास तर कानाची वाट लागेल, डब्ल्यूएचओ सांगते की ८० डेसिबलला आठवड्याचे ४० तास ही मर्यादा. तेवढ्या वेळात चालून ये, जेवून घे, कठीण विषय पहाटेला ठेव.

झोपताना इयरफोन नको, स्पीकर उशीपासून लांब, आवाज बारीक, आणि तासाभराचा टायमर लाव, रात्रभर कशाला पाहिजे. आणि रात्री दहानंतरही ढोल चालूच असतील तर आधी पथकातल्या पोरांशी बोल, नाहीच ऐकलं तर ११२ ला फोन कर, दहा ते सहा उघड्यावर वाजवायला नियमानेच बंदी आहे.