महायुद्धानंतर डाकोटा विमानांचे इतके अपघात का झाले? विमानच धोकादायक होते का?

तुम्ही लिहिले आहे की १९४६ ते १९५५ या काळातल्या विमान अपघातांची यादी चाळली तर डाकोटाचे नाव पुन्हापुन्हा दिसते, आणि तरीही जुनी माणसे त्याच विमानाला सगळ्यात भरवशाचे म्हणतात. यातले खरे काय? माझी नोकरी विमानांच्या देखभालीत गेली. मी लागलो तेव्हा डाकोटा फारशी उरली नव्हती, पण आम्हाला शिकवणारे सगळे त्याच विमानावर हात काळे करून तयार झालेले. त्यामुळे या प्रश्नाबद्दल मला आस्था आहे.

दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. विमान दणकट होते. पण युद्धानंतर त्याला ज्या कामाला, ज्या हवेत आणि जेवढ्या ओझ्याने जुंपले, तिथे त्याच्या दणकटपणाचा उपयोग होत नव्हता.

आधी संख्या बघा. डाकोटाचे मूळ मुलकी रूप म्हणजे डीसी-३. ते पहिल्यांदा उडाले १७ डिसेंबर १९३५ रोजी. मुलकी गिऱ्हाइकांसाठी जेमतेम सहाशे विमाने बनली. युद्धात मात्र लष्करासाठी त्याची सी-४७ आणि इतर रूपे मिळून दहा हजारांच्या आसपास बनली. युद्ध संपल्यावर त्यातली हजारो एकदम विक्रीला निघाली आणि जगभर ज्याला विमान कंपनी काढायची होती त्याने तीच घेतली. भारतातही तेच झाले. बंगलोरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये लष्करी डाकोटा उघडून, दुरुस्त करून, खुर्च्या बसवून प्रवासी विमाने तयार होत. त्या दशकात आकाशात जे उडत होते त्यातला मोठा वाटा डाकोटाचाच होता, म्हणून अपघातांच्या यादीतही तेच. नुसत्या यादीवरून विमान वाईट ठरवता येत नाही.

पण हे सांगून मी थांबलो तर ती पळवाट होईल. अपघात खरोखर जास्त होत होते, आणि त्यांची कारणे शोधता येतात.

जानेवारी १९४७ मधले लागोपाठचे दोन दिवस घ्या. २५ तारखेला लंडनच्या क्रॉयडन विमानतळावरून एका छोट्या कंपनीचे डाकोटा ऱ्होडेशियाला निघाले. हवा खराब, विमान जड भरलेले आणि वैमानिकाचा अनुभव अपुरा. ते उचलले गेलेच नाही, उभ्या असलेल्या दुसऱ्या डाकोटावर जाऊन आदळले. १२ माणसे गेली. दुसऱ्या दिवशी कोपनहेगनला केएलएम या डच कंपनीचे डाकोटा उड्डाण करताच नाक वर करून उभे चढले, वेग गमावला आणि धावपट्टीवर कोसळले. २२ जण गेले. त्यात स्वीडनचे राजपुत्र गुस्ताफ आडोल्फ होते (आजच्या स्वीडिश राजांचे वडील) आणि अमेरिकन गायिका ग्रेस मूरही. त्या विमानाचे सुकाणू एका नाणावलेल्या, मुरलेल्या वैमानिकाच्या हातात होते. कारण निघाले गस्ट लॉक. विमान उभे असताना वाऱ्याने शेपटीच्या झडपा आपटू नयेत म्हणून त्यांना खिळी लावतात. ती काढायची राहिली होती.

ही खीळ काढणे हे एका मिनिटाचे काम आहे. तिला लाल पट्टी बांधायची, खिळी उतरवून मोजायच्या, आणि निघण्यापूर्वी वैमानिकाने सुकाणू पूर्ण मागेपुढे करून झडपा मोकळ्या हलतात का ते पाहायचे. आम्हाला हे अगदी सुरुवातीला शिकवले गेले आणि मी माझ्या हाताखालच्या मुलांना तितक्याच कडकपणे शिकवले. तपासणीच्या अशा प्रत्येक ओळीमागे कुणाचा तरी जीव गेलेला असतो.

तर क्रॉयडनला अनुभव कमी पडला आणि कोपनहेगनला मुरलेला माणूस असूनही तपासणी. दोन्ही ठिकाणी विमानाचा सांगाडा निर्दोष होता.

आता विमानाच्या स्वतःच्या मर्यादांकडे येतो, कारण त्या होत्याच. डाकोटाच्या केबिनमध्ये हवेचा दाब राखण्याची सोय नव्हती. प्रवासी घेऊन फार वर जाता येत नसे. आठ-दहा हजार फूट ही नेहमीची उंची. म्हणजे आजची विमाने ज्या ढगांच्या वरून जातात त्यांच्या पोटातून डाकोटाला जावे लागे. पावसाळ्यात घाटावर ढग कुठवर चढतात ते आपल्याकडे कुणाला सांगायला नको. शिवाय खाली वाट दाखवायला रडार नाही; रेडिओचा दिशादर्शक, घड्याळ, नकाशा आणि वाऱ्याचा अंदाज. वाऱ्याचा अंदाज थोडा चुकला आणि समोर डोंगर असला की संपले.

१३ डिसेंबर १९५० रोजी एअर इंडियाचे डाकोटा निलगिरीत कोटगिरीजवळच्या डोंगरावर आदळले ते असेच. निलगिरीतले दोड्डाबेट्टा शिखर २,६३७ मीटर, म्हणजे साडेआठ हजार फुटांच्या वर आहे. डाकोटाच्या नेहमीच्या उंचीच्या अगदी जवळ. विमानातले कुणीही वाचले नाही. त्यात अब्राहम वाल्ड आणि त्यांच्या पत्नी होत्या. वाल्ड हे विसाव्या शतकातले फार मोठे संख्याशास्त्रज्ञ, भारतात व्याख्यानांसाठी आले होते, वय अवघे ४८. युद्धाच्या काळात कोलंबिया विद्यापीठातल्या गटात त्यांनी एक प्रश्न सोडवला होता: लढाईतून परत आलेल्या विमानांवरची गोळ्यांची भोके पाहून, जी परत आलीच नाहीत त्यांच्याबद्दल काय सांगता येईल? जिथे भोके दिसत नाहीत तिथे लागलेली गोळी बहुधा विमान पाडते, असे त्यामागचे तर्कशास्त्र. हा माणूस डाकोटाच्या अपघातात जावा याची मला आजही हळहळ वाटते.

आणि तुमच्या प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग, म्हणजे हे विमान भरवशाचे का मानतात, त्याचे उत्तर वाल्ड यांच्याच विचारात आहे. डाकोटाची कीर्ती आपण परत आलेल्यांकडून ऐकली. २४ मे १९४८ रोजी एअर कमोडोर मेहर सिंग यांनी जनरल थिमय्यांना घेऊन हिमालयाच्या खिंडी ओलांडत लेहच्या कच्च्या पट्टीवर डाकोटा उतरवले. ते धाडस अस्सल आहे, त्याला मुजराच केला पाहिजे. १९ नोव्हेंबर १९४६ रोजी स्वित्झर्लंडमध्ये गाउली हिमनदीवर अमेरिकन लष्कराचे डाकोटा ढगात वाट चुकून बर्फावर घासत थांबले आणि आतली १२ही माणसे जिवंत राहिली; पाच दिवसांनी दोन स्विस वैमानिकांनी स्कीवर उतरणाऱ्या चिमुकल्या विमानांतून त्यांना खाली आणले. त्या विमानाचा सांगाडा मोडला नाही हे खरेच. पण तीच चूक, तेच ढग आणि बर्फाच्या उताराऐवजी निलगिरीचा कडा असला की ती गोष्ट सांगायला कुणी राहत नाही. आपल्या वायुदलाकडे २०१८ पासून असलेले ‘परशुराम’ नावाचे जुने डाकोटा पाहून लोक म्हणतात, बघा, अजून उडते. उडते, आणि ते उडताना पाहून माझेही डोळे भरतात. तरी जी राहिली नाहीत तीही मोजा.

दुसरी मर्यादा इंजिनांची. प्रत्येकी बाराशे अश्वशक्तीची दोन इंजिने. हवेत उंचावर असताना एक बंद पडले तर अनुभवी वैमानिक दुसऱ्यावर विमान जवळच्या धावपट्टीपर्यंत नेऊ शके. खरा धोका चाके जमिनीवरून सुटल्यानंतरच्या पहिल्या मिनिटात. विमान पूर्ण भरलेले, वेग कमी, चाके अजून खाली लोंबत, आणि बंद इंजिनाचा पंखा वाऱ्याला अडवत असलेला. त्याची पाती फिरवून वाऱ्याच्या रेषेत आणेपर्यंत तो विमानाला मागे खेचतो. त्यात उन्हाळ्याची विरळ हवा असली तर एका इंजिनावर उंची मिळणे दूरच, आहे ती टिकवणे मुश्कील. एक इंजिन गेल्यावरही विमानाने ठरावीक चढण घेतलीच पाहिजे, हा दंडक नंतरच्या प्रवासी विमानांना लागू झाला. डाकोटाचा आराखडा त्याआधीचा.

इथे नागपूर येते. जानेवारी १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. मुंबई, कलकत्ता, दिल्ली आणि मद्रास इथून संध्याकाळनंतर डाकोटा निघत, मध्यरात्रीच्या सुमारास चारही नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर जमत, टपालाच्या थैल्या आणि प्रवासी अदलाबदल करत आणि पहाटेपर्यंत आपापल्या गावी परत. सगळे काम काळोखातले. १२ डिसेंबर १९५३ रोजी त्यातलेच मद्रासला निघालेले विमान सोनेगावहून उडाल्यावर लगेच कोसळले. १४ पैकी १३ जण गेले. वाचला तो वैमानिक. दिवसा मोकळे शेत दिसते. रात्री खाली काय आहे हे कळायला मार्ग नसतो.

पैशांचा भागही सोडू नका. स्वातंत्र्याच्या आसपास इतक्या कंपन्यांना परवाने दिले गेले की तेवढी वाहतूकच देशात नव्हती. न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांच्या चौकशी समितीने १९५० साली हेच दाखवून दिले, आणि १९५३ मध्ये सरकारने सगळ्या कंपन्या ताब्यात घेतल्या. तोट्यातल्या धंद्यात सुट्या भागांवर, प्रशिक्षणावर आणि विश्रांतीवर पहिला हात पडतो. अपघात झाला की चर्चा वैमानिकाची होते, हिशेबाच्या वह्या कुणी उघडत नाही, हे मला कधीच पटले नाही.

यंत्राचा दोषही कधीकधी असे. १७ मार्च १९५७ रोजी फिलिपिन्सचे अध्यक्ष रामोन मॅगसायसाय यांचे सी-४७ सेबू बेटावरच्या डोंगरात पडले, २६ पैकी एक पत्रकार तेवढा वाचला. धातू थकून इंजिनाचा भाग तुटला असा निष्कर्ष निघाला. अशी उदाहरणे आहेत, पण मला माहीत असलेल्या अपघातांत ती थोडी.

म्हणून यादी वाचताना विमानाच्या नावाआधी ‘कुठे पडले’ हे पाहा: डोंगरावर, खराब हवेत, की धावपट्टीच्या टोकाशी. रात्रीच्या टपालावर पुढे चार इंजिनांची स्कायमास्टर विमाने आली. तेच सोनेगाव, तोच अंधार, त्याच थैल्या. फक्त एक इंजिन गेले तर तीन चालू राहत.