गाडीचे प्रश्न: इंजेक्टर गेलाय की नुसता वॉशर?

यावेळी बरीच पत्रं जुन्या गाड्यांच्या इंजेक्टरबद्दल, म्हणजे इंजिनात इंधनाचा फवारा मारणाऱ्या भागाबद्दल आलीत, कुणाचं डिझेल पाझरतंय, कुणाला पेट्रोलचा वास येतोय. त्यातली तीन घेतोय आणि पहिल्याला जास्त जागा देतोय, कारण त्या प्रकारात लोकांचे विनाकारण खूप पैसे जाताना मी बघितलेत.

प्रश्न: नमस्कार सर, माझ्याकडे 2011 ची डिझेल हॅचबॅक आहे, 1.3 लिटर मल्टिजेट इंजिनवाली, 1,86,000 किमी झालेत. दोन महिन्यांपासून बॉनेटमधून चफ चफ चफ असा आवाज येतो, कुंभार्ली घाट चढताना तर फारच, आणि एसी लावला की आत धुराचा वास येतो, मुलगी लहान आहे तिला मळमळतं. गॅरेजवाल्याने बॉनेट उघडलं आणि पाच मिनिटांत सांगितलं की चारही इंजेक्टर गेले, 52,000 लागतील. एवढे पैसे या गाडीत घालू का विकून टाकू?
— वाचक, चिपळूण

उत्तर: दादा, सगळ्यात आधी मुलीला त्या गाडीत बसवणं बंद करा, दुरुस्ती होईपर्यंत. तो वास सायलेन्सरचा नाही, सिलिंडरमध्ये जळालेला गॅस थेट बॉनेटखाली बाहेर पडतोय आणि एसीचा ब्लोअर तो आत ओढतोय. अगदीच न्यावी लागली तर हवा आतली आत फिरवायचं बटण लावा आणि काचा थोड्या उघड्या ठेवा.

आता 52,000 चं बोलू. तुम्ही जी लक्षणं लिहिलीत ती मला इंजेक्टर खराब झाल्याची वाटत नाहीत, इंजेक्टरच्या बुडाशी जो तांब्याचा वॉशर असतो तो गॅस सोडतोय असं वाटतंय. इंजेक्टर हेडमधल्या, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणातल्या, एका खोल भोकात बसलेला असतो, त्याचं टोक सिलिंडरच्या आत, आणि आतली आग बाहेर येऊ नये म्हणून खाली तो एक छोटा वॉशर, वरून क्लॅम्पने दाबलेला. वर्षानुवर्षं गरम-गार होऊन त्याची पकड जाते, नाहीतर क्लॅम्पचा बोल्ट ढिला पडतो, नाहीतर मागे कुणीतरी इंजेक्टर काढून तोच जुना वॉशर परत टाकलेला असतो, हे मी सगळ्यात जास्त बघितलंय. मग प्रत्येक स्फोटाला थोडा गॅस तिथून निसटतो, म्हणून तो चफ चफ आवाज एका लयीत येतो आणि घाटात लोड आला की वाढतो.

खात्री करायला फार काही लागत नाही. पंक्चरवाला ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे बघतो ना, तसंच. वरचं प्लास्टिकचं कव्हर काढायचं, इंजिन आयडलला ठेवायचं, एका सिरिंजमध्ये साबणाचं पाणी घेऊन एकेका इंजेक्टरच्या बुडाशी थोडं थोडं सोडायचं, कनेक्टरवर पडू द्यायचं नाही. जिथे गळतंय तिथे फसफसून फेस येतो. काळा कीट साचला असेल तर पाणीसुद्धा लागत नाही, इंजेक्टरभोवती डांबर ओतल्यासारखं दिसतं आणि स्क्रूड्रायव्हरने टोकरलं तर दगडासारखं लागतं.

इंजेक्टर खरंच गेलेत का त्याची टेस्ट वेगळी आहे, तिला रिटर्न टेस्ट किंवा बॅक लीक म्हणतात. चारही इंजेक्टरच्या रिटर्नला, म्हणजे उरलेलं डिझेल परत जातं त्या तोंडाला, वेगळ्या नळ्या लावून चार सारख्या बाटल्यांत सोडायच्या, इंजिन थोडा वेळ चालवायचं आणि बाटल्या शेजारी शेजारी धरून बघायच्या. तीन सारख्या आणि चौथीत दुप्पट-तिप्पट डिझेल असेल तर तो चौथा आतून लीक आहे. असा इंजेक्टर असला की रेलमध्ये, म्हणजे चारही इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या सामायिक पाइपमध्ये, प्रेशर लवकर तयार होत नाही आणि गाडी खूप वेळ सेल्फ मारल्यावर चालू होते. तुमची एका सेल्फला चालू होते का ते तुम्ही लिहिलं नाहीत, पण होत असेल तर चारही गेलेत यावर माझा विश्वास बसत नाही. शिवाय स्कॅनर लावला की कोणत्या सिलिंडरला ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, डिझेल कमी-जास्त करून सांभाळून घेतंय तेही बऱ्याच गाड्यांत दिसतं. या दोन गोष्टी न करता कुणी आकडा सांगत असेल तर तिथे गाडी सोडू नका.

पण वॉशर स्वस्त आहे म्हणून काम सोपं आहे असं समजू नका, माझं खरं सांगणं इथेच आहे. इंजेक्टर कार्बनने हेडमध्ये चिकटून बसतो. मागच्या पावसाळ्यात मी असाच एक काढला, आदल्या संध्याकाळी भोकात पेनिट्रेटिंग ऑइल सोडून ठेवलं, सकाळी परत सोडलं, इंजिन जरा गरम केलं आणि मग इंजेक्टर पान्याने डावी-उजवीकडे केसभर केसभर हलवत राहिलो. तासभर काहीच नाही आणि मग एकदम कट् करून सुटला. घाईत पहारीने उचकटला असता तर इंजेक्टरची मान वाकली असती आणि मग खरंच नवीन घ्यावा लागला असता. वॉशर हातात घेतला तर एका बाजूने चकचकीत आणि दुसऱ्या बाजूला आतून बाहेरपर्यंत एक काळी रेघ, पेन्सिलीने ओढावी तेवढीच बारीक. सगळा धूर त्या रेघेतून येत होता.

यानंतर जे करायचं तेच बरीच गॅरेजं करत नाहीत. वॉशर जिथे बसतो ती हेडमधली बैठक सीट कटरने साफ करावी लागते, पार चकाकेपर्यंत, आणि त्याआधी खालच्या भोकात ग्रीस लावलेला कपड्याचा बोळा घालायचा म्हणजे कार्बनचे खडे सिलिंडरमध्ये पडणार नाहीत, आणि बोळा परत काढायला विसरायचं नाही. जुना वॉशर खालीच चिकटून राहिला का बघायचं, नाहीतर त्याच्यावर नवीन बसतो आणि इंजेक्टर वर उचलला जातो. वॉशर त्याच जाडीचा हवा, जाडी बदलली की डिझेलचा फवारा पिस्टनवर चुकीच्या जागी पडतो. आपले जुने मिस्त्री तांब्याचा वॉशर लाल करून पाण्यात टाकून परत वापरायचे, जुन्या इंजिनांत ते चालून जायचं, इथे नका करू. क्लॅम्पचा बोल्ट नवीन घ्या आणि टॉर्क पान्याने कंपनीने दिलेल्या मापालाच आवळा, अंदाजाने आवळलेला परत सुटतो.

एकाचा वॉशर गेला असेल तर चारही बदलून घ्या, बाकीचे तेवढेच जुने आहेत. वर रिटर्न पाइपच्या क्लिपा असतात त्यांचे छोटे ओ-रिंगही (रबरी रिंगा) त्याच वेळी नवीन टाका, ते कडक होऊन डिझेल पाझरतं. इंजेक्टर काढताना कोणता कोणत्या सिलिंडरचा त्यावर खूण करा. आणि टेस्टमध्ये एखादा इंजेक्टर नापास झालाच तर तो एकच बदला किंवा चांगल्या पंप-नोझलवाल्याकडून कॅलिब्रेट करून घ्या. नवीन इंजेक्टरवर जो कोड कोरलेला असतो तो स्कॅनरने ईसीयूत टाकावा लागतो, जिथे कोड लागतो तिथे न टाकता गाडी दिली तर आयडलला थरथरते, धूर मारते आणि लोक म्हणतात नवीन इंजेक्टरच खराब निघाला.

गाडी विकू नका असं मी म्हणेन. तुमचं ते 1248 सीसीचं इंजिन मूळ फियाटचं, आपल्या रांजणगावलाही बनायचं, वेगवेगळ्या कंपन्यांच्या गाड्यांत लागलं, त्यामुळे पार्ट मिळतात आणि हात बसलेले मेकॅनिकही आहेत.

एक गोष्ट मात्र हात जोडून सांगतो. या इंजिनात रेलचं प्रेशर 1600 बारपर्यंत जातं. चालू इंजिनवर पाइपचा नट ढिला करायचा नाही, बंद केल्यावरही निदान दहा मिनिटं थांबायचं. गळती कुठे आहे ते बोटाने चाचपायचं नाही, पुठ्ठा धरून बघायचं. तेवढ्या प्रेशरचं डिझेल कातडीतून आत घुसतं, बाहेरून फक्त सुई टोचल्याएवढं दिसतं, दुखतही नाही लगेच, पण आत हात सडतो. असं झालं तर मलम लावून बसू नका, ताबडतोब मोठ्या हॉस्पिटलला जा आणि हाय प्रेशर डिझेल घुसलंय असं स्पष्ट सांगा.

प्रश्न: माझी 2006 ची पेट्रोल कार आहे, नवऱ्याच्या पहिल्या पगारवाढीतून घेतलेली, म्हणून काढवत नाही. हल्ली गाडी बंद करून पार्किंगमध्ये लावली की पेट्रोलचा वास येतो, खाली थेंब काही दिसत नाही. आयडलला आरपीएम पण वरखाली होतो. सोसायटीतले म्हणतात नवीन इथेनॉलवाल्या पेट्रोलमुळे होतंय. खरं आहे का? चालवू की नको?
— वाचक, डोंबिवली

उत्तर: ताई, चालवू नका. डिझेल पाझरलं तर घाण होते, पेट्रोल पाझरलं तर आग लागते. थेंब दिसत नाही कारण गरम इंजिनवर पडल्या पडल्या ते उडून जातं. मेकॅनिकला घरी बोलवा, गाडी ढकलून उघड्यावर घ्या, आणि वास येत असताना सेल्फ मारू नका.

तुमच्या गाडीत एमपीएफआय आहे, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला एक छोटा इंजेक्टर, त्याला वर एक ओ-रिंग आणि खाली एक. वरचा रिंग रेलमध्ये बसतो जिथे साधारण 3 बार प्रेशरचं पेट्रोल असतं, तो गेला की पेट्रोल बाहेर येतं, आणि इंजिन बंद केलं तरी रेलमध्ये प्रेशर काही वेळ राहतं म्हणून तुम्हाला पार्किंगमध्ये वास येतो. खालचा रिंग इनटेकमध्ये बसतो, तो गेला की बाहेरची हवा आत ओढली जाते आणि आरपीएम नाचतो. तुमची दोन्ही लक्षणं आहेत म्हणजे बहुतेक वरचे-खालचे दोन्ही रिंग कडक झालेत. इंजेक्टर बदलायची गरज लागेलच असं नाही, काढून अल्ट्रासोनिकमध्ये साफ करून फवारा सारखा पडतोय का बघायचं आणि सगळे रिंग नवीन टाकायचे.

इथेनॉलचं म्हणाल तर सोसायटीतले अगदीच चुकीचे नाहीत. 20 टक्के इथेनॉलला चालणारं रबर आणि धातू आपल्याकडे एप्रिल 2023 पासूनच्या गाड्यांत आलं, 2006 ची गाडी त्या हिशोबाने बनलेली नाही. पण अठरा-वीस वर्षांचं रबर साध्या पेट्रोलवरही कडक होतंच, म्हणून सगळा दोष त्याच्यावर टाकू नका. नवीन रिंग घेताना व्हिटॉनचे मागा, ते इथेनॉलला टिकतात, आणि बॉनेटखालचे रबरी पेट्रोल पाइप वाकवून बघा, भेगा दिसल्या तर तेही त्याच दिवशी.

मेकॅनिक काम सुरू करेल तेव्हा तुम्ही शेजारी उभ्या राहा. आधी पंपाचा फ्यूज काढून रेलचं प्रेशर उतरवायचं, बॅटरीची निगेटिव्ह काढायची, रिंगला स्वच्छ इंजिन ऑइलचं बोट फिरवायचं आणि इंजेक्टर सरळ दाबून बसवायचा. कोरडा रिंग ढकलला की तो कापला जातो, दिसत नाही आणि पुन्हा तोच वास. शेवटी किल्ली दोन-तीन वेळा नुसती ऑन करून पंप प्रेशर भरू द्यायचा, टॉर्चच्या उजेडात रेल बघायची आणि मगच सेल्फ.

प्रश्न: राम राम. 1999 ची डीआय जीप आहे, पहाटे टोमॅटो भरून नारायणगाव मार्केटला न्यायचे असतात आणि नेमकी तेव्हाच चालू होत नाही. रोज हातपंप मारून एअर काढावी लागते. नोझल बदलून झाले तरी तेच. आणि एक, ऑइल कमी व्हायच्या ऐवजी वाढलंय, हे चांगलं का वाईट?
— शेतकरी वाचक, ता. जुन्नर

उत्तर: दादा, वाईट आहे आणि फार वाईट आहे, उद्याची खेप दुसऱ्याच्या गाडीने पाठवा. डिपस्टिकवर ऑइल वाढलं याचा अर्थ त्यात डिझेल उतरतंय. डिपस्टिक काढून बोटावर घ्या, पाण्यासारखं पातळ लागेल आणि डिझेलचा वास येईल. असं ऑइल बेअरिंग खातं, आणि लेव्हल फारच वाढली तर इंजिन स्वतःचं ऑइलच पेटवून पळत सुटतं, किल्ली बंद केली तरी थांबत नाही.

दोन्ही तक्रारींचं मूळ एकच असू शकतं. पंप रोटरी असेल तर त्याच्या शाफ्टचा सील बघा, तो गेला की चालू असताना डिझेल टायमिंगच्या बाजूने ऑइलमध्ये उतरतं आणि रात्रभर उभी राहिली की तिथूनच हवा आत जाते. उभ्या लाइनीचा मायको कंपनीचा जुना पंप असेल तर त्याला लावलेला, टाकीतून डिझेल ओढणारा फीड पंप तपासा. नोझलला, म्हणजे इंजेक्टरच्या टोकाला, यात हात लावायची गरजच नव्हती, खर्च झाला तो झाला.

शिवाय टाकी ते फीड पंप हा भाग ओढीचा असतो, तिथे सील गेला तर डिझेल गळत नाही, हवा आत जाते, म्हणून बाहेरून सगळं कोरडं दिसतं. फीड पंपाच्या आधी वीतभर पारदर्शक नळी लावा आणि चालू इंजिनवर बघा, बुडबुडे पळताना दिसले तर टाकीकडच्या बाजूचे वॉशर, क्लिपा आणि नळी बदला. फिल्टरच्या बॅन्जो बोल्टचे (पाइप जोडणारा पोकळ बोल्ट) तांब्याचे वॉशरही नवीन घाला.

सल्फर कमी असलेलं डिझेल आलं, आता तर 10 पीपीएम, त्यात जुन्या रबराच्या सीलना पूर्वीसारखी फूग राहत नाही, ते आकसतात. म्हणून पंपाचं सील किट घेताना दुकानात पडून राहिलेलं जुनं घेऊ नका. पंप उघडायचा तो टेस्ट बेंच असलेल्या पंपवाल्याकडेच, शेतात नाही. काम झालं की ऑइल आणि ऑइल फिल्टर दोन्ही बदला, 200-300 किमी चालवा, मग परत डिपस्टिक बघा. वाढलं नसेल तर टोमॅटो भरा.