नवस तुमचा, पाचारण कुणाचं?

प्रश्न : मुलगा बारावी कला शाखा, ६८ टक्के. तान्हा असताना मोठ्या दुखण्यातून वाचला, तेव्हा बायबलमधल्या हन्नेनं आपल्या मुलाला, शमुवेलाला केलं तसं आम्ही त्याला देवाला अर्पण केलं. आता तो ‘तत्त्वज्ञान शिकायचंय, प्लेटो वाचायचाय’ म्हणतो. बी.डी.ला (पाळक, म्हणजे ख्रिस्ती धर्मगुरू होण्यासाठीच्या धर्मशास्त्राच्या पदवीला) ग्रीक असतंच, म्हणजे हौसही भागेल. यंदाच सेमिनरीत, म्हणजे पाळक घडवणाऱ्या धर्मविद्यालयात घालू का?
– एक वडील, अहिल्यानगर जिल्हा

उत्तर : गुणांचं सोडा. मला काळजी वाटते ती नवसाची. शमुवेलाची गोष्ट पुढेही वाचा. आईनं त्याला मंदिरात पोचवलं, पण देवाची हाक त्याची त्यालाच आली. तीही लगेच ओळखता आली नाही, तीनदा तो मंदिरातल्या याजक एलीकडे धावला. तुमच्या पत्रात मुलाला हाक आल्याचं एक अक्षर नाही. प्रवेशाला मंडळीचं, म्हणजे तुमच्या चर्चचं शिफारसपत्र लागतं, मुलाखतीत पाचारणाबद्दल, म्हणजे या हाकेबद्दल विचारतात. तिथे तो काय तुमचा नवस सांगणार? शिवाय बी.डी. झालं की पाळक झाला, असं नसतं. पाळकपदाची दीक्षा द्यायची की नाही, हे मंडळी ठरवते. मनात नसताना या सेवेत आलेला माणूस रविवारचा उपदेश निभावून नेईल. रात्री दोन वाजता मरणाऱ्याच्या उशाशी बसताना मात्र खचेल.

आता ग्रीक. सेमिनरीत शिकवतात ती बायबलच्या नव्या कराराची कोइने ग्रीक, पहिल्या शतकातली बोलती भाषा. योहानाच्या शुभवर्तमानातलं ‘एन आर्खे एन हो लोगोस’, म्हणजे ‘प्रारंभी शब्द होता’, हे थोड्याच आठवड्यांत लागतं. प्लेटोची अॅटिक, म्हणजे प्राचीन अथेन्सची ग्रीक, त्याहून सुमारे चारशे वर्षं जुनी. तिच्यात संस्कृतसारखं द्विवचन आहे, जे नव्या करारात उरलेलंच नाही. वाक्यं लांबलचक, अव्ययांनी भरलेली. कोइनेच्या जोरावर थेट प्लेटो उघडला, तर पहिल्याच पानावर अडेल. आणि बी.डी.त ग्रीक तत्त्वज्ञान येतं ते ख्रिस्ती विचाराची पार्श्वभूमी म्हणून. भाषेची घाई नको. पंडिता रमाबाईंनी ग्रीक-हिब्रू उतारवयात शिकून अख्खं बायबल मराठीत आणलं.

म्हणून यंदा सेमिनरी नाही. तत्त्वज्ञान विषय घेऊन बी.ए. करू द्या, प्लेटो आधी भाषांतरातून वाचू द्या. पुढे खरंच हाक आली, तर सेरामपूर विद्यापीठाचं बी.डी. पदवीधरांना चार वर्षांचं असतं, बारावीनंतर पाच. म्हणजे दोन वर्षं जादा जातील, पण हाती दोन पदव्या असतील. हाक नाही आली, तर एम.ए., नेट आणि प्राध्यापकीचा रस्ता आहेच; यूपीएससीलाही तत्त्वज्ञान वैकल्पिक विषय घेता येतो.

या आठवड्यात त्याला पाळकांकडे एकट्याला पाठवा. तुम्ही बाहेर व्हरांड्यातही थांबू नका.