कॅमेरा जे समोर असतं तेच दाखवतो, मग माध्यमं वंश आणि लिंगाबाबत पक्षपाती कशी?

तुमचा प्रश्न मलाही एकेकाळी पडायचा. गेली १४ वर्षं मी बातम्यांच्या डेस्कवर मथळे आणि फोटोओळी लिहिते आहे, म्हणून उत्तर देते.

आधी कॅमेऱ्याचंच घ्या. रंगीत फिल्मच्या काळात कोडॅक कंपनी फोटो लॅबना रंग जुळवायला एक नमुना फोटो पुरवायची. त्याला ‘शर्ली कार्ड’ म्हणत. १९५०च्या दशकात त्यासाठी पहिल्यांदा बसलेली शर्ली गोरी होती, आणि पुढे कित्येक वर्षं तिच्या जागी आलेल्या बायकाही गोऱ्याच. तिची कांती नीट उमटली की रंग जमले, असा हिशोब. त्यामुळे गोरा आणि काळा माणूस शेजारी उभे राहिले, की काळ्या माणसाचे डोळे आणि दात तेवढे दिसायचे, चेहरा अंधारात जायचा. तपकिरी छटा सुधारायला कंपनीला भाग पाडलं ते मुख्यतः फर्निचर आणि चॉकलेटवाल्यांनी, कारण जाहिरातीत लाकडाचे आणि चॉकलेटचे प्रकार वेगळे ओळखू येत नव्हते. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी सुन्न झाले होते. वेगवेगळ्या वर्णांच्या बायका एकत्र असलेलं कार्ड यायला १९९०चं दशक उजाडलं.

आता शब्दांकडे या. २००५ मध्ये कॅटरिना वादळात अमेरिकेतलं न्यू ऑर्लिन्स शहर बुडालं, तेव्हाचे दोन फोटो गाजले. दोन्हींत छातीभर पाणी, दोन्हींत दुकानातलं सामान. काळ्या तरुणाच्या फोटोखाली लिहिलं होतं, दुकान ‘लुटून’ निघालेला. गोऱ्या दिसणाऱ्या दोघांच्या खाली, ब्रेड आणि सोडा ‘सापडल्यावर’ निघालेले. वृत्तसंस्था वेगळ्या होत्या. एका छायाचित्रकाराने तरुणाला दुकानात शिरताना पाहिलं होतं, दुसऱ्याच्या म्हणण्यानुसार सामान पाण्यावर तरंगत होतं. म्हणजे खोटं कुणीच लिहिलं नव्हतं. तरी दोन फोटो शेजारी ठेवले की लोकांचा संताप का झाला ते कळतं.

लिंगाबाबत तर आपले मराठी मथळेच बघा: ‘तरुणीचा विनयभंग’, ‘विवाहितेचा छळ’. ती आहे, करणारा कुठेच नाही. कॉलम अरुंद असतो, शब्द कमी लागतात, म्हणून असे मथळे मीही खूप दिलेत. जगभरातल्या बातम्या तपासणाऱ्या ‘ग्लोबल मीडिया मॉनिटरिंग प्रोजेक्ट’ला १९९५ मध्ये बातम्यांतल्या माणसांत १७ टक्के बायका आढळल्या होत्या. २०२० मध्ये हा आकडा २५ टक्क्यांवर पोचला. इतकाच.

एकदा एका शास्त्रज्ञ बाईंवरचा लेख माझ्याकडे आला. पहिलंच वाक्य, ‘दोन मुलांची आई असलेल्या...’. त्याच पानावर एका पुरुष शास्त्रज्ञाचीही मुलाखत होती, त्याला मुलं किती हे कुणी विचारलंही नव्हतं. मी शुद्धलेखन तपासलं आणि पान छपाईला सोडलं. दुसऱ्या दिवशी छापलेलं वाचताना मला ते खटकलं, फार लागलं. तेव्हापासून बाईबद्दलचं वाक्य आलं की तिथे पुरुषाचं नाव घालून एकदा मोठ्याने वाचते. विचित्र वाटलं तर ते काढते, मग वार्ताहर कितीही रागावो.