इंदूरमध्ये जुनी स्कूल बस घेऊन तिची कॅम्पर (आत राहता-झोपता येईल अशी गाडी) करायची आहे. घेताना आधी काय पाहावं?

इंजिनाच्या आधी गंज पाहा आणि गंजाच्याही आधी कागद. इंजिन नंतर दुरुस्त होतं; आयशर आणि फोर्स ट्रॅव्हलर या बस जवळच्या पीथमपूरलाच बनतात, त्यामुळे इथे पार्टही मिळतात आणि मिस्त्रीही. कुजलेला फ्लोअर मात्र खिसा रिकामा करतो. बस बॉडीच्या कामात असल्यामुळे सांगतो: रबर मॅट उचलायला लावाच. दाराची पायरी, मागच्या चाकांवरचे कमानीचे पत्रे आणि खिडक्यांखालचा पत्रा स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा. टोक आत गेलं तर ती बस सोडून द्या. मग खाली वाकून चेसिसच्या आडव्या पट्ट्या तपासा. ताजा काळा रंग मारलेला दिसला तर जास्तच बारकाईने. किनारपट्टीवर चाललेली बस स्वस्त मिळाली तरी मी घेणार नाही. आत सरळ उभे राहून डोक्यावर किती जागा उरते तेही मोजा, कारण इन्शुलेशन आणि प्लायमध्ये दोन-तीन इंच जातातच.

कागदांत हे हवंच:
- फिटनेस, टॅक्स, चलान (सरकारच्या परिवहन पोर्टलवर दिसतात)
- कर्ज फिटलं असेल तर फॉर्म 35 (आरसीवरचा कर्जाचा बोजा उतरवायला)
- बाहेरच्या राज्यातली असेल तर फॉर्म 28 ची एनओसी (तिथल्या आरटीओची ना-हरकत)

एक अट लक्षात ठेवा: मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे आरटीओच्या मंजुरीशिवाय गाडीत असा बदल करता येत नाही. म्हणून बयाणा देण्याआधीच आरटीओत जाऊन त्या मॉडेलचं कॅम्परमध्ये रूपांतर मंजूर होईल का ते विचारा. पिवळा रंग बदलला तर त्याचीही आरसीवर नोंद लागते.